वरच्या खोलीतली कलमं

१८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. सोबत थोडा रागही पाठवते आहे, तो सध्या बाजूला काढून ठेव.

पत्रास कारण की, तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मग तुझी समजूत काढता काढता बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय हे घरात असले की हातातलं काम थांबवून ऐकत बसतात आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तुझ्या दादांची तब्येत चांगली आहे. जेवतात, वर्तमानपत्र वाचतात, जाहिरातींसकट. कलमं जाळल्यानंतर तू जे जे करायला सांगितलं होतंस ते सगळं केलं. शेडमधली वरची माती खरवडून खड्ड्यात टाकली, कुंड्या औषधाच्या पाण्यात बुडवून उन्हात पालथ्या घातल्या, कात्र्या उकळल्या. माझं जुनं पातेलं त्यात गेलं, ते असो. तुझं ऐकतात सगळं, फक्त तुझं नाव घेत नाहीत.

लोक विचारतात. दुधाच्या रांगेत विचारतात, दवाखान्यात विचारतात. सख्ख्या बहिणीने भावाची रोपवाटिका जाळायला कशी लावली म्हणून. मी सांगते, ती त्या खात्याची अधिकारी आहे, खैऱ्या रोगाला औषध नाही, एका कलमावर डाग दिसला तरी सगळं जाळावं लागतं, नाहीतर गावोगावच्या बागा जातील. पाठ झालंय मला आता. सांगताना आवाजही कापत नाही.

पण एक सांगते. त्या दिवशी तू दुसऱ्या कुणाला पाठवू शकली असतीस. तू म्हणालीस, “वहिनी, परक्या माणसाच्या हातून नको.” तेव्हा मला तुझा संताप आला होता, आता येत नाही. कलमांच्या गाड्या ह्यांनी स्वतः ढकलत नेल्या. तू विचारलंस, “दादा, एवढीच?” हे म्हणाले, “एवढीच.” सगळं जाळल्याच्या कागदावर तू सही केलीस. मग मामंजींनी लावलेल्या लिंबाच्या झाडाला करवत लागली, तेव्हा तू तोंड फिरवलंस. ते मी पाहिलं. ह्यांनी पाहिलं नाही, हे झाडाकडेच बघत होते. पातळ सालीचं, रसाळ, नुसत्या वासाने ओळखू येणारं लिंबू. आपली सगळी कलमं त्याच एका झाडाची. आता कुणी मागितलं तर कुठून देणार?

हो, परवा संध्याकाळी जिन्याच्या भिंतीवर ते पाखरू बसलेलं दिसलं. लिंबाची पानं पोखरणाऱ्या नागअळीचं. तुझ्या परीक्षेच्या वेळी तू मला भिंगातून दाखवायचीस ना, आणि मी म्हणायचे, अगं मला भाजी फोडणीला टाकू दे. एवढंसं रुपेरी, पंखांच्या टोकाशी काळा ठिपका, कुणाला वाटेल राखेचा कण उडून बसलाय. मी बोट नेलं तर उडालं. सगळं जळून गेल्यावर हे कुठून आलं कोण जाणे. असेल आसपास कुणाच्या अंगणात एखादं लिंबाचं झाड.

लेक सासरी मजेत आहे. व्याह्यांची संत्र्याची बाग यंदा चांगली धरली आहे म्हणे. तिची वरची खोली रिकामीच असते. हे दुपारी तिथे जाऊन बसतात. ऊन चांगलं येतं म्हणतात. मुलीची आठवण येत असेल.

वेळेवर जेवत जा. सहीचा तो विषय मनातून काढून टाक.

तुझी,
वहिनी


११ एप्रिल

बारके,

हे दवाखान्यात आहेत. तुला कळलंच असेल. कसं कळलंय तेही मला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणतात फवारणीचं औषध पोटात गेलंय. नळी घालून पोट धुतलं. काल रात्रीपेक्षा आज बरे आहेत, डोळे उघडतात, पाणी मागतात. पोलीस येऊन गेले. त्यांनी विचारलं, घरात भांडण झालं होतं का, कशाचं दुःख होतं का. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या एकाने परस्पर सांगितलं, “रोपवाटिका जाळली ना ह्यांची, बहिणीनेच.” मी गप्प बसले.

तू येऊ नकोस. रागाने म्हणत नाही. इथे माणसं जमली आहेत, आणि तुला बघून कोण काय बोलेल ते मला थांबवता येणार नाही.

त्यांनी तुझं नाव घेतलं. काय म्हणाले ते मी भेटल्यावर सांगेन, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

वहिनी


२ जुलै

प्रिय बारके,

आशीर्वाद लिहायचा मला हक्क राहिला आहे की नाही ते हे पत्र वाचून तू ठरव.

तुझ्या दादांना शेवटचं नेलं त्या दिवशी तू फाटकाशी उभी होतीस. ऑफिसच्याच कपड्यांत होतीस, म्हणजे कळल्याबरोबर निघाली असणार. व्याही मोठ्याने म्हणाले, “जिने जाळलं तीच रडायला आली.” सगळे तुझ्याकडे वळले. मी दारात होते. मी एक शब्द बोलले असते तर माणसं बाजूला झाली असती आणि तू आत आली असतीस. मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिले. तू थोडा वेळ थांबलीस आणि निघून गेलीस. त्यानंतर तुझा फोन नाही, पत्र नाही. बरोबरच आहे.

आता ऐक. तुझ्या दादांनी औषध प्यायलं नव्हतं. तुझ्यामुळे तर नाहीच नाही. हे एवढं वाचून पत्र खाली ठेवलंस तरी चालेल, पण ठेवू नकोस, कारण पुढचंही तुलाच निस्तरायचं आहे.

तू जाळायला येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी शिवणाच्या वर्गावर गेले होते. परत आले तर जिन्यावर माती. वर गेले तर लेकीच्या खोलीत हे गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते आणि खिडकीशी कलमं लावलेली. तिचा पलंग भिंतीला सरकवलेला, अभ्यासाच्या टेबलावर कुंड्या, खाली प्लास्टिक अंथरलेलं. मी म्हटलं, “अहो, हे काय करताय?”

“ह्यांच्यावर एक डाग नाही. भिंगाने बघितलंय. पान न् पान धुतलंय.”

“बारकी उद्या विचारेल.”

“विचारू दे. मी सांगेन एवढीच म्हणून. ती माझ्या शब्दावर सही करेल.”

“आणि कळलं तर?”

“कळायला तू सांगणार आहेस का?” असं म्हणाले आणि मग जरा नरमले. “बाबांचं झाड जातंय गं. त्याचा कलमापुरता एक तरी डोळा कुठे राहू दे. वर्षभराने सगळं थंड झालं की मीच तिला सांगेन.”

मी नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतं का, माहीत नाही. मी म्हटलंच नाही. दुसऱ्या दिवशी तू त्यांना विचारलंस तेव्हा मी तुम्हा दोघांच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

सुरुवातीला कलमं खरंच छान होती. खिडकीतल्या उन्हाने त्यांना नवी पालवी फुटली, कोवळी, बोटाच्या नखाएवढी पानं. हे दिवसातून कितीदा वर जायचे. मलाही बोलवायचे. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटायचं. खाली सगळी काळी माती आणि वर एवढं हिरवं.

मग पाखरं आली. तू म्हणायचीस ना, नागअळीला जून पान चालत नाही, कोवळंच लागतं. तिला कसा पत्ता लागला असेल? खिडकीच्या फटीतून आली, की कलमांवर आधीपासूनच अंडी होती, देव जाणे. अंडं म्हणजे पानाच्या मधल्या शिरेशी पाण्याचा बारीक थेंब, पुसायला गेलं तरच कळतं की थेंब नाही. तेवढं बारीक भिंगातूनही ह्यांच्या डोळ्यांना दिसलं नाही. थोड्याच दिवसांत पानांवर रुपेरी रेघा उमटल्या. नागमोडी, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या, जणू गोगलगाय चालून गेली आहे. मी नख लावून सालीचा पापुद्रा उचलला तर आत ती फिकट पिवळी, जवळजवळ पारदर्शक अळी, चापट झालेली, आणि मागे तिच्याच विष्ठेची काळी रेघ. ती बाहेर येतच नाही. वरच्या पापुद्र्याखाली राहून पान पीत जाते. पोट भरलं की पानाच्या कडेशी येते, कड आपल्यावर दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करून निजते. मग पान वाकडं होतं आणि वाकडंच राहतं.

हे एकेक घडी उघडून टाचणीने कोष मारायचे. तळहातावर पान धरायचं, घडी उलगडायची, टोचायचं. नव्या पानांना रेघ दिसली की पान खुडायचं. पण कलमाने पुन्हा पालवी फोडली की दोन-चार पाखरं कुठल्यातरी घडीतून निसटलेली असायचीच. पडदा हलवला की राखेसारखी उडायची आणि पुन्हा काचेवर बसायची. मी तुला लिहिलेलं ते जिन्यावरचं पाखरू वरच्याच खोलीतून उतरलेलं. लिहिताना मला वाटत होतं, तुझ्या लक्षात येईल. तू तर ह्या विषयात पास झालेली. लिंबाच्या कोवळ्या पानाशिवाय ते पाखरू जगत नाही, हे तूच मला सांगितलेलं. तुझ्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तू माझ्यासारखीच गप्प बसलीस, ते मी विचारणार नाही.

एप्रिलमध्ये एका कलमाच्या पानावर तपकिरी ठिपका दिसला. भोवती पिवळी कड. अळीने पोखरलेल्या रेघेवरच होता. पापुद्रा फाटला की तिथूनच खैऱ्या आत शिरतो, हे आम्हाला दोघांनाही पाठ. मी म्हटलं, “आता बस झालं. बारकीला बोलवा.” ह्यांनी ते कलम उचलून बाथरूममध्ये नेलं, कात्रीने तुकडे केले, बंबात घातलं. परत आले आणि म्हणाले, “अळी संपली की डाग येणार नाहीत. मुळावरच घाव घालतो.”

शेडच्या माळ्यावर एक जुनी बाटली होती. तूच मागे सांगितलेलं की ते औषध आता बंद झालंय, टाकून द्या. ती काढली. कलमं गच्चीत नेऊन फवारा मारायचा तर समोरच्या घरातून दिसेल आणि वास रस्त्यावर जाईल. म्हणून खिडक्या लावल्या, दाराखाली ओलं फडकं सारलं, हातपंप घेतला आणि आत गेले. तोंडाला रुमाल होता, तो कशाला पुरतोय. मी खाली मटार सोलत होते. पंपाचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मला वाटलं आता येतील, आता येतील. मग बराच वेळ आवाज आला नाही.

मी दार ढकललं तेव्हा हे पलंगावर बसलेले होते. शर्ट खांद्यापासून ओला, पंप गळत होता बहुतेक. म्हणाले, “धुकं आलंय गं डोळ्यांपुढे.” घामाने निथळत होते. तोंडातून लाळ. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडाची कातडी आपोआप फडफडत होती. मी त्यांना ओढत जिन्यातून खाली आणलं. शेजारचा रिक्षावाला हाक मारल्याबरोबर आला.

तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. “खोलीचं सांगू नकोस.”

“अहो, डॉक्टरांना तरी सांगावं लागेल.”

“नको. बारकीची सही आहे त्या कागदावर. तिची नोकरी जाईल. खोटं मी सांगितलंय, तिने नाही.”

हेच ते, जे पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पुन्हा हेच म्हणाले. “बारकीला ह्यात ओढू नकोस.” त्यांना कुठे माहीत की बाहेर बाकावर तुला आधीच ओढलंय.

रिक्षात बसवायच्या आधी मी त्यांचा शर्ट बदलला. वास येत होता म्हणून. शर्ट बदलला, पण अंग धुतलं नाही, डोकं धुतलं नाही. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, “प्यायलेत, की अंगावर सांडलंय?” मी म्हटलं, “मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते.” मग त्यांनी पोट धुतलं. केसांत, कानांमागे, बनियनमध्ये जे मुरलेलं होतं ते तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी परिचारिकेने अंग पुसेपर्यंत. दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून मान उचलेना. हसून म्हणाले, “डोकं जड झालंय, एवढा विचार कधी केला नव्हता.” दुपारपर्यंत श्वास अडकायला लागला. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत संपलं.

नंतर मी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. विचारलं, आधी सांगितलं असतं तर वाचले असते का. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. म्हणाले, “सांगता येत नाही, बाई.” त्यांनी होय म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं. नाही म्हटलं असतं तरी बरं झालं असतं.

आता म्हणशील, मग एवढे दिवस गप्प का बसलीस. सुरुवातीला त्यांचा शब्द म्हणून. आणि खरं सांगायचं तर, लोकांना आणि मलाही दोष द्यायला दुसरं कुणीतरी हवं होतं. तू होतीस. फाटकाशी उभी होतीस तेव्हा मला वाटलं, हिच्यामुळेच झालं, हिने जाळलं नसतं तर ह्यांनी लपवलं नसतं. असं वाटलं, बारके. ते लपवत नाही. आईविना वाढलेल्या ज्या पोरीची वेणी मी घातली, तिच्याबद्दल वाटलं.

पण ते तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित अजूनही लिहिलं नसतं.

मार्चमध्ये हे लेकीला भेटायला गेले तेव्हा वरच्या खोलीतली चार कलमं घेऊन गेले होते. व्याह्यांना म्हणाले, मित्राच्या रोपवाटिकेतली आहेत, चांगल्या जातीचं लिंबू आहे, बागेच्या कडेला लावा. एकाच ठिकाणी राहिली तर धोका, म्हणून असावं. मला परत आल्यावर सांगितलं. मी डोक्याला हात लावला.

मागच्या आठवड्यात मी लेकीकडे गेले. चहा झाल्यावर ती मला बागेत घेऊन गेली, सासूला ऐकू जाणार नाही इतक्या लांब. लिंबाच्या चारही कलमांवर रेघा, पानं दुमडलेली. आणि शेजारच्या संत्र्याच्या झाडांवर, दोन ओळी आतपर्यंत, तेच. तपकिरी, खरबरीत ठिपके, हाताला खपलीसारखे लागणारे. काही फळांवरसुद्धा.

ती म्हणाली, “आई, ही बाबांचीच कलमं आहेत ना? आपल्या झाडाची?”

मी मान हलवली.

“पान चोळलं तेव्हाच वासाने कळलं मला. कुणाला सांगू नकोस. प्लीज. ते लोक रसायन मारतायत, म्हणतात पावसाने झालंय. जाईल. तू सांगितलंस तर मी इथे तोंड कसं दाखवू?”

“नाही जाणार गं ते. वाढेल. आणखी बागांत जाईल.”

“मग जाऊ दे. सगळं आत्याने केलं म्हणतात तर म्हणू देत. ती काय इथे राहत नाही.”

ती वाईट मुलगी नाही, तुला माहीत आहे. तू शिकवलेली आहेस तिला सायकल. पण माझंच गप्प बसणं तिच्या तोंडून ऐकलं आणि मला ते सोसवेना. मी तशीच वळून घरात आले आणि व्याह्यांना म्हटलं, जरा बसा, मला सांगायचंय.

सगळं सांगितलं. खोली, फवारा, चार कलमं. ते खुर्चीत पुढे वाकून जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटी विचारलं, “म्हणजे त्यांनी प्यायलं नव्हतं?”

“नाही.”

“आणि मी त्या पोरीला फाटकाशी...” उठून बागेकडच्या खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, “बाग जाईल?”

“किती जाईल ते तपासावं लागेल. त्यांच्या खात्याकडून.”

“म्हणजे तीच येणार.”

“तीच येईल, किंवा दुसरं कुणी. तिची सही खोटी ठरेल, तेव्हा तिला पाठवतील की नाही माहीत नाही.”

माणूस वाईट नाही. पण वडिलांनी लावलेली बाग आहे त्यांचीही. म्हणाले, “मुलीला काही दिवस घेऊन जा. तिचा दोष नाही, पण सध्या मला तिच्याकडे बघवणार नाही.” जावयाने बॅग आणून दिली, बसपर्यंत चालत आला. म्हणाला, हे मिटलं की येतो न्यायला. कधी ते बोलला नाही, आणि लेकीनेही विचारलं नाही.

बसमध्ये ती खिडकीला टेकून बसली होती. माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी अंथरूण घालते, कारण वरच्या खोलीत झोपता येत नाही. अजून वास आहे. मी तिथे काही हलवलेलं नाही, म्हटलं तुला जसं आहे तसं दिसू दे. कलमांना पाणी घालायला कुणी नव्हतं, ती वाळली. खिडकीच्या चौकटीत पाखरं मरून पडली आहेत, फुंकर मारली तर उडतील इतकी हलकी. खाणाऱ्या अळ्यासुद्धा पानाबरोबर वाळल्या. एक कलम अजून खालून हिरवं आहे. मी त्याला हात लावलेला नाही. त्याचं काय करायचं ते तू सांग, आणि सांगशील ते मला माहीत आहे.

व्याह्यांच्या बागेचा अर्ज त्यांनी तुमच्या ऑफिसात दिला आहे, खरं कारण लिहून. म्हणजे हे पत्र मिळेपर्यंत तुला वरिष्ठांनी बोलावलंही असेल. तुझ्या सहीचं मी कुणापुढेही येऊन सांगेन, की तिला खोटं सांगितलं गेलं आणि सांगणाऱ्याच्या शेजारी मी उभी होते. त्याचा उपयोग होईल का ते तुला जास्त कळतं. नोकरीवर आलं तर इथे ये. इथे काही नाही, रिकामी शेड आहे आणि आम्ही दोघी न बोलणाऱ्या. तरी ये.

ये आणि सांग मला काय सांगायचंय ते. ओरड. फाटकाशी थांबू नकोस.

लेकीला म्हटलं, आत्याला दोन ओळी लिही. नको म्हणाली. पत्र पुरं झालं तसं मी पाकीट घेतलं आणि पत्ता लिहायला बसले. तिने माझ्या हातून पेन काढून घेतलं. पाकिटावरचं अक्षर तिचं आहे.

तुझ्या घरून,
वहिनी